निम्मी आग

मामांनी वायरलेसवर "वीस एकर" म्हटलं, तसं भाचीने सवयीने कागदावर दहा लिहिलं आणि चहाचा उरलेला घोट संपवला.

यात वावगं काही नव्हतं. वनखात्याच्या त्या नकाशाखोलीत तिच्या आधीचा माणूसही हेच करायचा, आणि त्याच्याही आधीचा. टेकडीवरच्या मनोऱ्यात बसून झुडपी रानातला धूर हेरणारे मामा म्हणजे अस्सल बाताडे. एकदा त्यांना दुर्बिणीतून एक ससा दिसला. तो आगीपुढे पळता पळता थांबून आगीलाच दम देत होता. एका वणव्यात तळं उकळलं आणि मासे शिजून वर आले. मामा म्हणाले, फक्त मीठ कमी होतं. असा माणूस आगीचं माप दुप्पट सांगणार, हे खात्याला ठाऊक होतं. गंमत अशी, की दुप्पट म्हणजे अगदी दुप्पट. थापेतही मामांचा हात पक्का होता. निम्मं केलं की आकडा बरोबर बसायचा. मोठ्या जंगलाची आग आकाशातून काढलेल्या फोटोंत सापडते. झुडपी रान जळतं तेवढ्याच लगबगीने पुन्हा हिरवं होतं. तिथे मामांचे डोळेच चालत.

वर्ष सरत आलं होतं. तक्त्यात जळालेल्या झुडपी रानाचा लाल खांब गेल्या वर्षीच्या निम्म्यावर उतरला होता. साहेबांनी कच्चा तक्ता कौतुकाने दारावर चिकटवला होता. मुख्य कार्यालयातून शाबासकी आली, आणि तिच्या पाठोपाठ विचारणा: आगी घटल्यात, तर मनोरा कशाला हवा?

भाचीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गेल्या वर्षअखेरीस मामी वारली, तेव्हापासून मामा वर एकटेच होते. "खाली या" म्हणून तिने जीभ झिजवली, पण मामा दाद देत नव्हते. आता मनोराच बंद झाला की येतील मुकाट. तिने घराची मागची खोली रंगवून घेतली, नवऱ्याने खिडकीला जाळी बसवली.

त्या वीस एकरांच्या आगीनंतर दोन दिवसांनी आग विझवणाऱ्या टोळीचा मुकादम कण्हत आत आला आणि भिंतीवरच्या नकाशापुढे उभा राहिला.

"बाई, परवाच्या उतारावर दहा एकर?"

"मामांनी वीस सांगितलं होतं."

"वीसच होतं. आम्ही फिरून मोजलंय. दहा एकराला माझी कंबर एवढी बोंबलत नाही."

ती हसायला गेली आणि थांबली. "आणि त्याआधीची? ओढ्याकाठची?"

"तीही म्हातारा म्हणाला तेवढीच. यंदा सगळ्याच. पोरं म्हणतात, मामा आजारी आहेत की काय." मुकादमाने कंबर दाबली. "तो मनोरा मात्र बंद करू देऊ नका. आम्ही धुरात आंधळे असतो. आग कुठं वळली ते वरून कुणी सांगायला नको?"

तो गेल्यावर तिने वायरलेस उचलला.

"मामा, परवाची आग किती होती?"

"वीस."

"म्हणजे दहा ना?"

"वीस म्हणजे वीस. तुला कधीपासून ऐकू कमी येतंय?"

"मामा, तुम्ही खरं बोलताय?"

 मामा म्हणाले, "अगं, मी अजगर म्हटलं की तुझी मामी गांडूळ म्हणायची. भांडता भांडता मधे कुठेतरी साप ठरायचा. आता अजगर म्हटला की अजगरच राहतो. खाली उतरवायला कोणी नाही. रात्री मलाच भीती वाटते. म्हणून आता सापाला सापच म्हणतो."

तिने वायरलेस खाली ठेवला. पक्का तक्ता उद्या सहीला जायचा होता. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढं तर कुणालाही जमतं. तिने पेन्सिलीला टोक काढलं. होतंच, तरी पुन्हा काढलं. मग उठून ती साहेबांच्या खोलीत गेली.

"म्हणजे आग दुप्पट लागली?" साहेब ओरडले.

"गेल्या वर्षीएवढीच लागली, साहेब. आपण निम्मी लिहिली."

"आणि शाबासकी?"

"ती मात्र आपण पूर्ण घेतली."

साहेबांनी दारावरचा तक्ता उपटला. त्याच्याबरोबर दाराचा थोडा रंगही निघून आला.

मनोरा राहिला. ही बातमी आपल्या तोंडाने द्यावी म्हणून रविवारी ती टेकडी चढली. मामांना टेकडी सोडावी लागणार नाही म्हणून त्यांचा आनंद बघायचा, आणि आपलं दुःख पदराआड ठेवायचं, असं ठरवून ती वर पोचली.

मामा मनोऱ्याखालच्या खोलीत खाटेवर बसले होते. दाढी घोटलेली, बुटांना पॉलिश. भिंतीवरच्या खुंट्या मोकळ्या होत्या. शेजारी गाठोडं होतं, आवळून बांधलेलं. शेगडीसुद्धा राखेचा कण न ठेवता पुसलेली.

"मुकादम सांगत होता, मनोरा काढणार म्हणे," मामा म्हणाले. "म्हटलं, तुझा हट्ट एकदाचा पुरवावा."

 तिने गाठोड्याकडे बघतच सांगितलं: आकडे दुरुस्त झाले, मनोरा राहतोय.

मामांनी बुटांकडे पाहिलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "खाली कोणाला करमतंय? तुमच्याकडे तर धूर फक्त फोडणीचा."

"मामा, तरीही चला. दुसरा माणूस ठेवतील ते."

"ठेवतील. आणि त्याला वीस एकर आणि दोनशे एकर कळायला किती वर्षं लागतील? तोवर मुकादमाची पोरं धुरात चाचपडतील."

 ती उगीच म्हणाली, "पुढच्या वर्षी आगी कमी लागतील."

"लागतील की," मामा म्हणाले.

त्यांनी दुर्बीण गळ्यात अडकवली. गाठोडं उचलून खाली ठेवलं, पण त्याची गाठ सोडली नाही. पायाने हळूच खाटेखाली सरकवलं आणि मनोऱ्याची शिडी चढू लागले.