पाचवं वाक्य

"या इंग्रजीला दुसरं कामच न्हाई! घरात कोण कोणावर गेलं, हे काहून इच्यारून राहिलेत लेकराला?" तूर निवडता निवडता चतुराबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

मी त्यांची शेजारीण. माझं इंग्रजी पुड्यांच्या कागदांवरून शिकलेलं, तरी त्यांची नात शिवकन्या अडली की माझ्याकडेच येते. आज 'टेक आफ्टर' होतं. घरच्यांवर पाच वाक्यं लिहून उद्या वर्गात वाचायची होती.

"म्हणजे कोणावर तरी जाणं," मी म्हटलं. "तोंडावळा, चाल, खोड, काहीही. पण माणूस रक्ताचं लागतं, अन् आपल्याहून मोठं. बाप लेकीवर जात नाही."

चार वाक्यं भरभर झाली. धाकटा माऊली बापावर, बाप आज्यावर, आत्या आजीवर, अन् चुलता घोरण्यात पणज्यावर.

"आता माझं. आजी, मी कोणावर गेले?"

"नाक आज्याचं. करंटं कपाळ तुहं तूच आणलं."

"अन् बाकीचं तोंड?"

"टीव्हीतल्या बाईचं!"

अख्ख्या गल्लीला उत्तर ठाऊक होतं. मलाही होतं. हातातल्या शिवणाची सुई टोचली नव्हती, तरी मी बोट चोखत बसले.

"मह्यावर लिही की," पुजा चुलीपासून म्हणाली. सावत्र आई, पण पोरीची वेणी तीच घालते. शिवकन्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. इंग्रजीत बसत नव्हतं.

पुजाचा हात गळ्यातल्या चांदीच्या टाकाकडं गेला. पहिली बायको वारली की दुसरीनं तिच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं. पहिली, सुमन, शिवकन्याच्या वेळी बाळंतपणात गेली. तिचे फोटो चतुराबाईंनी पूर्णा नदीत सोडले. राहिला तो टाक. पोरगी जवळ जाऊन तो निरखू लागली. उभी बाई होती, हात होते, पाय होते. तोंड घासून सपाट झालेलं.

"यात तर काहीच दिसत न्हाई," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचे वडील माणिकराव जवळा बाजार गावाहून आले. लेक समोर दिसली की ते पाठ करून चपला काढत बसतात. पायात चपला नसल्या तरी.

"बाबा, मी कोणावर गेले?"

"आजीला इच्यार."

"इच्यारलं."

"आत्यावर लिही अन् मोकळी हो!" चतुराबाई ओरडल्या.

पोरगी वळसा घालून बापापुढं उकिडवी बसली. त्यांच्या खाली घातलेल्या मानेखाली तिनं आपलं तोंड नेलं. "एकदा बघून सांगा ना."

माणिकरावांनी पाहिलं. चतुराबाईंचं सूप थांबलं.

"मायवर," ते म्हणाले. "बराबर मायवर. म्हून बघत न्हाई मी तुह्याकडं. तू मरायला पायजे होती, ती राहायला पायजे होती."