साडीच्या दुकानातली ट्यूब

उजेडातलं आपल्याला कळतं, याबद्दल योगेंद्रभाऊंना तिळमात्र शंका नव्हती. देवळीच्या बाजारात चौतीस वर्षं साड्या विकलेला माणूस. कोणत्या ट्यूबखाली मळकट गुलाबी डाळिंबी होतो आणि कोणत्या ट्यूबखाली फिकी जर सोन्यासारखी दिसते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दुकानात एलईडी आले तेव्हा जुन्या, गुलाबीसर उजेडाच्या ट्यूबा त्यांनी फेकू दिल्या नाहीत. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून नालवाडीच्या घरी दिवाणात ठेवली. या ट्यूबांनी आपलं दुकान चालवलं, असं ते म्हणत आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई वर्ध्याच्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होत्या. सी-ॲनिमोन नावाचा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी त्या दरवर्षी शिकवायच्या. पण पाहिला होता तो फक्त बरणीत, औषधात बुडालेला आणि पांढराफटक पडलेला. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेताना त्या सहज बोलून गेल्या, "आयुष्यभर मेलेलेच प्राणी शिकवले. एक तरी जिवंत पाहायचा राहिला." लोक हसले, टाळ्या वाजवून नाश्त्याकडे वळले. योगेंद्रभाऊंच्या मनाला मात्र ते वाक्य लागलं. बायकोने इतक्या वर्षांत साडीसुद्धा मागितली नव्हती. घरचंच दुकान असल्यावर मागणार तरी कशी, हा भाग वेगळा.

दोन महिन्यांत त्यांच्या बैठकीत काचेची मोठी टाकी आली, खास मिठाची पाकिटं आली, नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले आणि एका दगडाला चिकटून सी-ॲनिमोनही आला. शेजारच्या प्रमिलाबाई पाहून गेल्या. "कमाल आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "आमी त मासे मीठ लावून तळतो. तुमी मिठात पोसून राह्यले!"

हा सगळा सरंजाम नागपूरच्या धीरजने आणून दिला होता. त्याचं दुकानच या माशांचं. त्याने बजावलं, "काका, याच्या अंगात बारीक तपकिरी शेवाळ राह्यते. ते उजेडावर जगते अन् याले जगवते. म्हणजे लाईट हेच याचं जेवण. एक निळी अन् एक पांढरी ट्यूब लावा, दोन्ही जोरदार." नमुना म्हणून त्याने निळी पेटवून दाखवली. त्या उजेडात धीरजचे दात चमकू लागले आणि ज्योत्स्नाबाईंची नवी नारायणपेठ पोतेरं दिसू लागली.

"बाबू, हे बैठकीत लावलं त पाहुणे चहा न घेता जातीन," योगेंद्रभाऊ म्हणाले. "लाईटीतलं तू मले नको सांगू." धीरजची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि दिवाणातल्या ट्यूबा बाहेर निघाल्या.

टाकी उजळली ती अशी की विचारू नका. मासे पेटल्यासारखे नारंगी, सी-ॲनिमोन गुलाबी. ज्योत्स्नाबाई अर्धा तास नुसत्या बघत उभ्या होत्या. योगेंद्रभाऊ आल्यागेल्याला टाकी दाखवत, आणि दाखवताना त्यांचा हात साडीचा पदर पसरल्यासारखा हवेत फिरे.

पण तीन आठवडे झाले आणि ताटलीएवढा पसरणारा तो जीव मुठीएवढा झाला.

"अहो, हे आक्रसून राह्यलं."

"नवी जागा आहे. नवी सून नाई का महिनाभर दबकून राह्यत?"

"आपली सून आल्या दिवसापासून तुमाले उत्तरं देते."

"रंग त पाह्य ना, ज्योत्स्ना! कसा डाळिंबी आहे!"

रविवारी सकाळी ज्योत्स्नाबाईंनी काचेचा मोठा बाऊल काढला, टाकीतलं पाणी त्यात घेतलं आणि दगडासकट सी-ॲनिमोन अलगद त्यात ठेवून दाराकडे निघाल्या.

"कुठं नेतेस?"

"अंगणात."

"काऊन?"

"तुमच्या दुकानात कोणती बाई ट्यूबखाली पाहून साडी घेते? दारात, उन्हात नेऊनच पाह्यते ना?"

उन्हात साडी नेणाऱ्या बायकांवर योगेंद्रभाऊंचा जन्माचा राग होता. उन्हात गेलेल्या निम्म्या साड्या परत घडीवर यायच्या.

ज्योत्स्नाबाईंनी बाऊल अंगणातल्या ओट्यावर, उन्हात ठेवला. डाळिंबी नाही, गुलाबी नाही, कसलाच रंग नाही. सगळा रंग ट्यूबचा होता. सी-ॲनिमोनच्या अंगातलं बहुतेक शेवाळ उपाशी मरून गेलं होतं आणि उरला होता एक पांढराफटक गोळा.

"बरणीतला असाच दिसायचा," ज्योत्स्नाबाई हळूच म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर योगेंद्रभाऊंनी चार शब्द परत केले असते. हे ऐकून मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोला एक जिवंत प्राणी दाखवायला निघालो आणि घरात तीच बरणी आणून ठेवली! चपला पायात सरकवतानाच त्यांनी धीरजला फोन लावला.

"काका, मी सांगतलं होतं ना?"

"सांगतलं होतं, बापा. ट्यूबा काढून ठेव, मी बस पकडून राह्यलो."

धीरजने काउंटरवर ट्यूबा मांडल्या आणि सवयीने विचारलं, "पेटवून दाखवू?"

"नको," योगेंद्रभाऊ म्हणाले. "मले काय दिसते ते जाऊ दे. त्याले काय लागते ते दे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माल न पाहता घेतला.

धीरजच्या सांगण्यावरून नव्या ट्यूबा आधी थोडा थोडा वेळच लावायच्या होत्या. तेवढ्यानेही बैठकीची कळा गेली. मासे राखाडी, पडदे राखाडी, आणि टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेले योगेंद्रभाऊ तर आयसीयूतून पळून आलेले. प्रमिलाबाई खरोखरच चहा न घेता गेल्या. तिसऱ्या दिवशी योगेंद्रभाऊंनी विचारलं, "आला का रंग?"

"पी हळद अन् हो गोरी, असं नसते ते," ज्योत्स्नाबाई चिमट्याने त्याला कोळंबीचा कण भरवत म्हणाल्या. शेवाळ परत वाढेपर्यंत आधार म्हणून त्यांनी दिवसाआड भरवलं. तो कधी घेई, कधी सोडून देई. सोडून दिलं की त्या दिवशी दोघंही कमी जेवत.

पाचव्या आठवड्यात मुळाशी तपकिरी झाक दिसली. नवव्या आठवड्यात एका दुपारी तो ताटलीएवढा पसरला होता. ज्योत्स्नाबाईंनी बाही वर केली आणि पाण्यात बोट नेलं. पाच-सहा लवलवत्या टोकांनी ते बोट पकडलं.

"अहो!" त्या ओरडल्या. "धरलं! त्यानं मले धरलं!"

त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्या निळ्या उजेडात त्यांचा चेहरा उतरल्यासारखा दिसत होता, केस हिरवट. योगेंद्रभाऊंना वाटलं, इतकी सुंदर ही लग्नातही दिसली नव्हती. ते मात्र म्हणाले, "चहा कर ना थोडा."

"तुमीच टाका आज. मले हालता येत नाई."

बोट सोडवून घेणं अगदी सोपं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. योगेंद्रभाऊ उठले आणि चहाचं भांडं शोधू लागले.