तांबडीच्या टोपलीतलं चौदावं अंडं

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. माझ्या काळ्या अंगावर पांढरे ठिपके आहेत, म्हणून घरात मला कवडी म्हणतात. मी पाच वर्षांची आहे. तुमच्यात पाच वर्षांचं म्हणजे लहान. आमच्यात तसं नसतं. आताशा मी आठवड्यातून एखादं अंडं घालते, तेही मनात आलं तर.

मी तुम्हाला माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगणार नाही. मला फार हेवा वाटला होता, त्याची सांगणार आहे.

माझा जन्म आष्टीचा, वर्षाच्या माहेरचा. वर्षा पहिल्या बाळंतपणाहून सासरी निघाली, तेव्हा तिच्या आईने मला कापडी पिशवीत घातलं आणि मान तेवढी बाहेर ठेवली. तीर्थपुरीच्या अलीकडे शेतातल्या घरापाशी जीप थांबली. वर्षाच्या कुशीत सव्वा महिन्याची छकुली होती आणि पायाशी पिशवीत मी. वर्षाच्या सासूबाईंनी, गोजरबाईंनी, दारातच मायलेकींवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तो तुकडा मी खाल्ला. म्हणजे त्या घरात छकुली आणि मी एकाच दिवशी आलो, आणि पहिला घास माझा.

पुढची वर्षं माझी होती. छकुलीला उकडून दिलेलं पहिलं अंडं माझं. ती रांगायला शिकली ती माझ्या शेपटीमागे. चार वेळा मी अंड्यांवर बसले आणि चारही वेळा अंगण पिल्लांनी भरून टाकलं. एकदा बोका आला, तर मी त्याच्या नाकावर अशी चोच मारली की तो शेजारच्या दुर्गाबाईंच्या पत्र्यावर जाऊन बसला. गोजरबाई त्यांना सांगायच्या, "आमच्या कवडीवानी कोंबडी साऱ्या शिवारात न्हाई." हे मी अंगणात दाणे टिपत ऐकायची, आणि ऐकू आलं नाही असं दाखवायची.

मग यंदाचा हिवाळा आला.

वर्षा पुन्हा माहेरी गेली होती. छकुलीची अंगणवाडी होती, म्हणून ती आजीजवळ राहिली. तीन महिने ती संध्याकाळी माझ्याशेजारी बसून जीपची वाट बघायची. एके दिवशी जीप आली. वर्षाच्या कुशीत नवं बाळ होतं. आणि पायाशी, मित्रांनो, कापडी पिशवी होती. पिशवीतून एक लालभडक मान बाहेर आली.

ती तांबडी. नुकती अंड्यावर आलेली, चकचकीत पिसांची. गोजरबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी धावले. पण तांबडी पिशवीतून उतरली तीच त्या तुकड्यावर.

त्या दिवसापासून मला ती बघवेना.

घरात सगळं नव्यांचंच चाललं होतं. बाळाला तेल, बाळाला शेक, बाळाला धुरी. आम्हाला झाकायला बांबूचं डालगं असतं, तसं बाळालाही होतं, पण गुलाबी जाळीचं. छकुली त्याखाली डोकं घालायला गेली की आतून कुणीतरी म्हणायचं, "अगं हळू, निजलाय तो." मग ती बाहेर येऊन माझ्याजवळ बसायची. तिच्या वेणीची रिबीन दुपारपर्यंत सुटलेली असायची आणि ती कुणी बांधायचं नाही.

थोड्याच दिवसांत तांबडी खुडूक झाली. अंडी उबवायला बसायचा ध्यास लागला की आम्हाला खुडूक म्हणतात. गोजरबाईंनी टोपलीत राख आणि भुसा घातला, तेरा अंडी ठेवली आणि बाळाच्या शेगडीतल्या विझल्या कोळशाने प्रत्येकावर एक रेघ ओढली. रेघ असलेलं अंडं राखायचं. मागून दुसऱ्या कोंबडीने त्यात बिनरेघेचं घातलं, तर ते काढून खायचं. ते काढायचं काम छकुलीचं होतं.

माझ्या चारही खेपांना हीच टोपली होती. तिच्या काठावरचा एक बांबू माझ्याच बसण्याने वाकला आहे. आता तिथे तांबडी अंग पसरून बसली, आणि गोजरबाई तिला घरातून आणून ज्वारी घालू लागल्या.

मी वाईट वागले. ते सांगितलंच पाहिजे. तांबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठायची. ती परत निघाली की मी आडवी जायची. मान फुगवायची, टोचायची, तिला अंगणभर फिरवायची. तिची अंडी गार पडावीत एवढंच माझ्या मनात असायचं. एकदा गोजरबाईंनी बघितलं.

"अगं वर्षा, ही कवडी बघ. तांबडीला टोपलीत जाऊ देईना."

"तिला टोपली पायजे असंल, आत्याबाई."

"आता काय टोपली. बसून खायचे दिवस तिचे. रामप्रसाद आला की देऊन टाकू."

रामप्रसाद म्हणजे मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी जाळीचे पिंजरे लावून फिरणारा माणूस. त्याच्या पिंजऱ्यातून परत आलेली कोंबडी मी पाहिलेली नाही. हेव्यापायी मी माझाच निकाल लावून घेतला होता.

नवव्या दिवशी बाळाला सुई टोचून आणली. बाळाला ताप होता आणि ते खाली ठेवू देत नव्हतं. सगळं घर त्याच्याभोवती. तांबडी पाणी प्यायला गेली होती. मी गुपचूप टोपलीत शिरले आणि तिच्या तेरा अंड्यांत माझं एक घातलं. बाहेर पडते तर समोर छकुली.

तिने ते उचललं. गरम होतं. त्यावर रेघ नव्हती. ती स्वयंपाकघराकडे निघाली, उंबऱ्यापाशी थांबली. आत वर्षा बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. छकुलीने हाक मारली, "आई." वर्षा मागे न बघताच म्हणाली, "थांब जरा, बाई."

छकुली थोडा वेळ तिथेच थांबली. मग तिने शेगडीतला कोळसा घेतला, माझ्या अंड्यावर रेघ ओढली आणि ते टोपलीत परत ठेवलं.

"राहू दे तुझं बी," ती मला म्हणाली. "कोणाला सांगू नको."

एकविसाव्या दिवशी तांबडीची पिल्लं निघाली. दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन अंगणात उतरली. गोजरबाई टोपली आवरायला बसल्या. तीन अंडी उरली होती. त्यांनी एक कानाशी धरून हलवलं, आत खळखळलं. ते उकिरड्यावर गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याला हात घातला आणि त्या थबकल्या.

"वर्षा, पिल्लं किती हायेत?"

"अकरा."

"अकरा न् तीन चौदा. म्या तेरा ठेवली व्हती. हे कुठून आलं?"

गोजरबाईंनी अंडं हलवलं. ते वाजलं नाही. "आत मेलं असंल," असं म्हणून त्यांनी हात वर केला.

"आज्जी, फेकू नको," छकुली म्हणाली. "ते कवडीचं हाय. रेघ मीच मारली."

"काऊन मारली?"

"तांबडीचं समदे करून राह्यले. कवडीचं कोणीच करंना."

वर्षा ओसरीवर बाळाला घेऊन उभी होती. तिने बाळ सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि छकुलीजवळ जमिनीवर बसली.

"मला काऊन न्हाई सांगितलं गं?"

"सांगायला आल्ते. तू थांब म्हनली."

वर्षाने तिला ओढून मांडीवर घेतलं. पाच वर्षांची ती, पाय लांब लांब बाहेर लोंबत होते. वर्षा तिची सुटलेली रिबीन बांधू लागली, सोडू लागली, पुन्हा बांधू लागली. बराच वेळ तिला ती नीट बांधता आली नाही.

गोजरबाईंनी एका हाताने बाळ सावरलं, दुसऱ्याने अंडं. "कधी घातलं व्हतं गं हिनं?"

"बाळाला सुई टोचली त्या दिशी."

"मंग तेरा दिस झाले. अजून आठ लागतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बसंल का ही?"

त्यांचं बोलणं संपायच्या आत मी टोपलीत होते.

रामप्रसाद चौथ्या दिवशी आला. त्याचा हॉर्न ऐकून माझी पिसं उभी राहिली, पण मी उठले नाही.

"मावशी, कोंबडी द्यायची म्हनत व्हत्या ना?"

"आता न्हाई. बसलीय ती."

त्याने वाकून बघितलं. "एका अंड्यावर? बाकीची काय सुट्टीवर गेली?"

"एक तर एक. तू जाय. परत इचारू बी नको."

आठव्या दिवशी सकाळी कवचाला बारीक तडा गेला. आधी चोच, मग ओलं काळं डोकं. छकुली ओरडत आत गेली. वर्षा बाळाला न्हाऊ घालून तीट लावत होती. ती तशीच बाहेर आली, बोटाला काजळ घेऊन. पिल्लाकडे बघून हसली. आणि मग ते बोट तिने छकुलीच्या गालावर टेकवलं.

"मला कशाला?" छकुली म्हणाली. "मी काय बाळ हाय?"

"असू दे," वर्षा म्हणाली.

मित्रांनो, माझा हेवा गेला का? सगळा नाही. तिसऱ्याच दिवशी माझं पिल्लू तांबडीच्या अकरांत खेळायला पळालं आणि घारीची सावली पडताच तिच्याच पंखाखाली शिरलं. मला ते अजून खुपतं.

पण एक मागणं आहे. तुमच्या घरी नवं कुणी आलं, तर त्याचे लाड जरूर करा. तेव्हा दाराशी एखादं जुनं उभं असेल. ते आडवं येईल, टोचेल, नको तिथे पाय घालेल. काठी उचलण्याआधी त्याला एकदा नावाने हाक मारून बघा.

त्या सकाळी छकुलीने गालावरचं थोडं काजळ बोटाने पुसून घेतलं आणि माझ्या पाठीवरच्या सगळ्यात मोठ्या पांढऱ्या ठिपक्यावर एक रेघ ओढली. आता ती पुसट झाली आहे. मी मात्र धुळीत अंग घासताना तेवढी जागा सोडून घासते.