नमुन्याची चार मिनिटं

आमच्या विद्यापीठातल्या वादसभेचा नियम माझाच. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने मांडायचं. तो 'हो, मला हेच म्हणायचंय' म्हणाला की मगच ते खोडायचं. पंधरा वर्षं मी हे शिकवतोय. या सभेत अजून एकही खुर्ची मोडलेली नाही, आणि तेवढ्यावर मी कॉलर ताठ करून फिरायचो.

यंदाचा विषय होता, निर्वासितांना मतदानाचा हक्क द्यावा का. माझी भाची विरोधी बाजूला होती. का, ते विचारायची गरजच नव्हती. तिचा थोरला भाऊ पोलिसात होता. दोन वर्षांपूर्वी निर्वासितांच्या छावणीत दंगल झाली, तेव्हा डोक्यात दगड बसून तो गेला.

नियमाप्रमाणे तिने आधी निर्वासितांची बाजू मांडली. छावणीतच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली पोरं. वीस वर्षं कर भरूनही रस्त्यावरच्या दिव्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहणारे बाप. चार मिनिटं बोलली. समोरचा मुलगा 'हो, हेच' म्हणायचंही विसरला. मग तिने एकेक मुद्दा खोडला, तोही छान खोडला. पण मामाला भरतं आलं होतं पहिल्या चार मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी तेवढीच कापून मी वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, 'नमुना म्हणून ऐका.' अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

संध्याकाळपर्यंत ती चार मिनिटं सगळीकडे पसरली. खाली कुणीतरी तिच्या भावाचा फोटो लावला होता. मेसमध्ये ती बसली की मैत्रिणी ताटं उचलून दुसरीकडे जायला लागल्या. मी पूर्ण रेकॉर्डिंग टाकलं, खुलासा लिहिला, कुलगुरूंचा उंबरठा झिजवला. पण पन्नास मिनिटं ऐकायला वेळ कुणाला आहे? सगळं मुसळ केरात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या आईने, माझ्या ताईने, तिचा फोन घेणं बंद केलं.

शेवटी भाचीला घेऊन मीच ताईकडे गेलो. तिने दार उघडलं, मला आत ये म्हणाली, लेकीकडे बघितलंही नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी सगळा नियम समजावला, चूक माझीच आहे हेही दोनदा सांगितलं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. आठ दिवसांत ती नीट जेवलेली दिसत नव्हती.

"म्हणजे ते तिच्या मनातलं नव्हतं," ती म्हणाली.

"अजिबात नव्हतं. नियमापुरतं बोलली ती."

"मग तिला तसं म्हणू दे. मी परत हा विषय काढणार नाही."

मला एकदम हायसं वाटलं. एका वाक्याचं तर काम होतं. मी भाचीकडे बघून मान हलवली. ती टेबलाची कड बोटांनी चाचपत बसली होती.

"मामा," ती म्हणाली, "बोलायला उठले तेव्हा नव्हतं मनात. आता आहे."

एकदाच खोटं बोल, पोरी, असं तिला सांगावंसं वाटत होतं. पण ताई समोर बसली होती, सांगणार कसं?