मासे वाळवणारी मच्छरदाणी

मित्रांनो, जन्माला आले ती मी मच्छरदाणी म्हणून. पण माझ्या नोकरीचे पहिले दोन महिने गेले मासे वाळवण्यात.

कारखान्यात माझ्या निळ्या धाग्यांमध्ये डास मारणारं औषध मुरवलं गेलं. मग घडी होऊन मी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या एका दवाखान्यात आले. तिथल्या नेकेसा सिस्टरांनी मला आओको नावाच्या गरोदर बाईच्या हाती दिलं. म्हणाल्या, "रोज हिच्यात झोपायचं. तुला तर दुप्पट गरज आहे." दुप्पट का, ते मला तेव्हा कळलं नाही.

आओकोचा नवरा ओदेरा होडीवर कामाला होता. आठवडाभर बेटांवरच राहायचा. घरी सासू. ओदेराची आई म्हणून अख्खा गाव तिला मिन ओदेरा म्हणे. तिनं मला उलगडून उजेडात धरलं.

"वीण बघ कशी बारीक. एक मासा खाली पडायचा नाही."

"आई, ती डासांसाठी आहे."

"डास काय बाजारात विकले जातात?"

झालं. दुसऱ्या दिवशी मी काठच्या वाळूत, आणि माझ्यावर बोटाएवढे हजारो ओमेना मासे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. ऊन होतं, वारा होता, बायकांच्या गप्पा होत्या. "मिन ओदेराची जाळी सगळ्यांत भारी," असं कोणी म्हटलं की मी फुलून जायचे. तिकडे आओको माझ्याविना झोपत होती, याचा मी विचारच केला नाही.

आओकोला सहावा महिना लागला. एका दुपारी सासू मला माशांसकट काखोटीला मारून घरी आली, तर आओको दारातच चटईवर दोन कांबळी पांघरून कुडकुडत होती. सासूनं मला कोपऱ्यात टाकलं, दुकानाकडे धावली आणि तीन गोळ्या घेऊन आली.

"मलेरियाच्या आहेत. दुकानदार म्हणाला, पोटुशीला याच देतात. घे."

"या मला चालत नाहीत."

"का? तू कुठली राणी लागून गेलीस?"

आओकोनं भिंतीकडे तोंड केलं.

"आई, मी रोज दुसऱ्या गोळ्या घेते. त्यांच्या जोडीला या घ्यायच्या नाहीत, असं सिस्टरांनी बजावलंय. मला एचआयव्ही आहे. ओदेराला माहीत आहे. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. सासू खाली बसली.

"गोळ्यांचा डबा मक्याच्या पिठात लपवतेस ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं त्या पिठाची उगाली मीच शिजवते. पीठ काढायला गेलं की खुळखुळ वाजतं. मी म्हातारी झालेय, बहिरी नाही."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं आणि तू माहेरी निघून गेलीस तर? ओदेरा आठवडाभर पाण्यावर. मी कोणाशी भांडू?" तिनं त्या तीन गोळ्या कनवटीला खोचल्या. "ऊठ. दवाखान्यात जाऊ."

मोटारसायकलवाला आला. पुढे तो, मध्ये आओको, मागे सासू. आओकोला तोल सावरेना. तेव्हा सासूनं मला झटकलं, दोरीसारखा पीळ दिला आणि सुनेला आपल्या पोटाशी घट्ट बांधलं. अशी मी पुन्हा दवाखान्यात पोचले.

नेकेसा सिस्टरांनी गाठ सोडली. दोन मासे जमिनीवर पडले.

"ही मीच दिलेली मच्छरदाणी ना?"

"वाळत होते," एवढंच मिन ओदेराला सुचलं.

सिस्टर रागावल्या नाहीत. आओकोच्या पापणीखाली पाहत म्हणाल्या, "एचआयव्हीनं अंगातली ताकद कमी झालेली असते. अशा पोटुशीला मलेरिया लवकर धरतो. रक्त आटवतो, बाळाला वाढू देत नाही. हे दोन आजार एकमेकांना हात देतात, आजी."

मग त्यांनी लहानशा कर्ण्यासारखी नळी आओकोच्या पोटावर ठेवली आणि बाळाचे ठोके ऐकायला कान लावला. जागा बदलली. पुन्हा बदलली. सासूनं मला मुठीत इतकं आवळलं की माझे तीन टाके उसवले.

"आहे," सिस्टर म्हणाल्या. "चांगलं दणदणीत आहे."

आओकोचं रक्त तपासून तिला चालतील अशी औषधं दिली. तीन दिवस ती तिथेच राहिली. तेवढ्यात मिन ओदेरानं मला साध्या साबणानं धुतलं, सावलीत वाळवलं, उसवलेलं शिवलं आणि खाटेवर टांगलं. ओदेरा परतला, आत शिरला आणि नाक मुरडून म्हणाला, "इथे मासे झोपलेत का?"

"वास येतोय तर वासासकट झोप," आई म्हणाली. "पण कडा गादीखाली खोच."

दिवस भरले आणि एका पहाटे बाळ जन्मलं, म्हणून नाव ठेवलं अमोंदी, म्हणजे पहाटेची. सहा आठवडे सासूनं स्वतःच्या हातानं तिला एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाचे थेंब पाजले. पहिल्या तपासणीत बाळाच्या रक्तात एचआयव्ही निघाला नाही. अंगावरचं दूध सुटल्यानंतरच्या शेवटच्या तपासणीतही नाही. त्या दिवशी मिन ओदेरा काठावर जाऊन इतकी नाचली, की बायकांना वाटलं लग्नच ठरलं.

आता मला भोकं पडली आहेत. खाटेवर नवी मच्छरदाणी आली, आणि मी परसात, भाजीच्या रोपांवर कोंबड्यांना अडवत पसरले आहे. परवा शेजारची पोटुशी सून आओकोजवळ येऊन उभी राहिली. "ताई, एक सांगायचं होतं," अगदी खालच्या आवाजात म्हणाली. आओकोनं खुरपं खाली ठेवलं, हात पुसले आणि तिला सावलीत बसवलं.

मित्रांनो, मच्छरदाणीला माशांखाली नव्हे, खाटेवर जागा द्या. ती रोज लावा आणि फाटली तर शिवा. आणि कोणी खालच्या आवाजात काही सांगू लागलं, तर हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा.