बस भरली होती म्हणे

बस नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या रस्त्याला लागली. मालसूनने डबा काढायला वर हात केला आणि सहज मागे पाहिलं, तर शेवटच्या रांगेत माणसं नव्हतीच. तिथे पिशव्या बसल्या होत्या. कोणाची छत्री, कोणाचं जाकीट, पाण्याच्या बाटल्यांचं खोकं, असं सगळं ऐसपैस पसरलं होतं.

"ह्वाजा, मागे कोण बसायचंय?" तिने शेजारणीला विचारलं.

ह्वाजा बाजारात सुकी मासळी विकायची. एरवी तिचा आवाज रस्त्याच्या त्या टोकाला ऐकू जायचा. आता मात्र ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "कोणी नाही गं. तू आधी किंबाप खा, भाताचे रोल गार होतायत."

"वाटेत कोणी चढणार आहे का?"

"नाही म्हटलं ना."

मालसूनने डबा मांडीवर ठेवला, पण उघडला नाही.

जॉमरेताईला या माणसांनी सांगितलं होतं, की बस भरली.

जॉमरे म्हणजे या मंगळवारच्या मंडळींची मूळ मालकीण म्हणायला हवी. नवरा गेला त्या हिवाळ्यात तिला घर खायला उठलं, म्हणून ती एकटीच नदीच्या बंधाऱ्यावरून चालायला लागली. मग तिने दारोदारी जाऊन एकेकाला बाहेर काढलं. मालसूनने शिवणाचं दुकान बंद केलं होतं आणि दिवसभर ती घरातल्या खालून तापवलेल्या जमिनीवर अंग टाकून पडलेली असायची. तेव्हा जॉमरे सरळ आत शिरून म्हणाली होती, "ऊठ. पाठीखाली अंडी उबवतेयस का?" तेव्हापासून मंगळवार चुकला नव्हता. थंडीत बंधाऱ्यावरून पंपघरापर्यंत जायचं आणि परत येताना बाजारात मासळीच्या वड्यांचं गरम सार प्यायचं. बर्फ वितळलं, विलोच्या फांद्यांवर पिवळट झाक आली, की जवळपासच्या सहली सुरू व्हायच्या. कधी तळ्यावर, कधी टेकडीवरच्या देवळात, आणि सगळ्यांत पहिली नदीपलीकडच्या प्लमच्या बागांना. डोंगरउतार पांढराशुभ्र मोहरलेला असायचा.

गेल्या पानगळीत जॉमरेला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावा पाय मात्र फरफटायला लागला. हिवाळाभर ती भिंत धरून गल्लीत चालली, मग काठी घेऊन बाजारापर्यंत, आणि नव्या वर्षाच्या सणापर्यंत बंधाऱ्यावर पोचली. गालांवर थंडीने चिरा पडल्या, पण बाई थांबली नाही. "प्लमच्या बागांना मी येणार म्हणजे येणार," असं ती प्रत्येक वळणावर म्हणायची.

आणि सहलीच्या आधी एके दिवशी ती सहज बोलल्यासारखं बोलली, "ग्वाकचा फोन होता. बस भरली म्हणे. जाऊ दे." मालसूनने आपली जागा देऊ केली, तर जॉमरे तिच्यावर खेकसली, "मला भीक नको. तू जा आणि फुलं बघून ये."

मालसून उठून पुढे गेली. ग्वाक अध्यक्ष ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले होते. शाळेत उपमुख्याध्यापक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. जॉमरे दवाखान्यात असताना मंडळींनी त्यांना अध्यक्ष केलं होतं.

"ग्वाकसाहेब, मागे सीट रिकाम्या आहेत."

"हो, सामानाची सोय झाली."

"जॉमरेताईला तुम्ही बस भरली म्हणून सांगितलंत."

ग्वाकांनी घसा साफ केला. "हे बघा मालसूनबाई, बागेत चढ आहे. ओली माती आहे. त्यांचा पाय घसरला, काही झालं, तर जबाबदारी कोणाची? शिवाय एका माणसासाठी सगळ्यांनी खोळंबायचं? वर्षातून एकदा येतो हा मोहर."

"मग हे तिला तोंडावर सांगायचं. खोटं कशाला बोललात?"

"त्यांचं मन दुखावू नये म्हणून."

"तिचं मन, की तुमचं तोंड?" मालसूनचा आवाज चढला. "सबंध हिवाळा ती बाई बर्फात पाय ओढत होती. कशासाठी? तुमच्या छत्रीला खिडकीजवळ जागा मिळावी म्हणून?"

मालसूनने वळून सगळ्यांकडे पाहिलं. कोणी तांदळाची मिठाई चावत होतं, कोणी बुटाची नाडी बघत होतं. यातल्या निम्म्यांना जॉमरेने हात धरून घराबाहेर काढलं होतं. एकाच्या बायकोच्या आजारपणात तिने महिनाभर जेवण पोचवलं होतं. तो गडी आता बाहेरचे विजेचे खांब बघत बसला होता.

"तुम्हाला कोणालाच माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

उत्तर ह्वाजाने दिलं, तेही हळूच. "माहीत होतं गं. फक्त तुला नव्हतं सांगितलं. तू असा तमाशा करशील म्हणून."

हे मालसूनला जास्त झोंबलं. म्हणजे यांनी तिच्या पाठीमागे बसून ठरवलं होतं. तिलाही फसवूनच बसमध्ये बसवलं होतं, आणि ती शहाणी डबा घेऊन हौसेने आली होती!

"ड्रायव्हरदादा, गाडी थांबवा."

"मालसूनबाई, वेडेपणा करू नका," ग्वाक उठून म्हणाले.

"शिट्टी वाजवा हवं तर. मी काही तुमच्या वर्गातली नाही."

ड्रायव्हरने पुढच्या गावाच्या फाट्यावर बस थांबवली. ती उतरली. एकानेही 'थांब' म्हटलं नाही. मागोमाग कोणी उतरलं तर नाहीच. बस निघून गेली आणि फुलांचा हेवा करणारी ती मार्चमधली बोचरी थंडी तिच्या मानेत शिरली. समोर डोंगरावर मोहराचे पांढरे पट्टे दिसत होते. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि परतीच्या बससाठी उभी राहिली. ग्वाकला आणखी काय काय बोलायला हवं होतं ते तिला तिथे एकेक करून सुचत गेलं.

ती गावात परतली तेव्हा जॉमरे आपल्या घराच्या ओट्यावर बसून सुक्या मासळीची डोकी खुडत होती. मालसूनला बघून तिचा हात थांबला.

"बस भरली नव्हती ताई!" मालसून दारातूनच म्हणाली. "मागची सबंध रांग मोकळी होती. त्या मेल्यांनी तिथे पिशव्या बसवल्या होत्या!"

"माहीत आहे."

"काय?"

"पहिली बस मीच ठरवली होती ना? त्यात किती माणसं मावतात ते मला ठाऊक नाही?" जॉमरेने आणखी एक डोकं खुडून टाकलं. "ग्वाक फोनवर अगदी मधासारखा बोलत होता. तेव्हाच समजले."

"मग गप्प का बसलीस? मी त्याला सोडला नाही. सगळ्यांसमोर असा झाडला..."

"तू काय केलंस?"

मालसूनने सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. तिला वाटलं ताई हसेल, निदान पाठीवर हात ठेवेल. पण जॉमरेने हातातली टोपली धाडकन खाली ठेवली.

"कोणी सांगितलं होतं तुला? आता गावभर होईल, बिचाऱ्या जॉमरेसाठी मालसून भांडली म्हणून. लंगडी झालेय मी, मुकी नाही झाले! माझं भांडण होतं ते. माझ्यासाठी ठेवायचं ना! त्याने मला न विचारता बसमधून उतरवलं, आणि तू मला न विचारता माझा तमाशा मांडलास."

मालसूनचं तोंड उघडं राहिलं. थंडीत उभं राहून बधिर झालेली बोटं एकदम दुखायला लागली. ती ओट्याच्या कडेवर टेकली. जॉमरेने टोपली पुन्हा जवळ ओढली आणि मासळी खुडायला लागली.

"त्या डब्यात काय आहे?" शेवटी जॉमरेने विचारलं.

"किंबाप. आणि उकडलेली अंडी."

"तुझ्या फुगलेल्या तोंडाकडे बघत मी काही ते खाणार नाही. चल, तळ्यावर जाऊ."

गावातल्या बसमध्ये चढायला जॉमरेला वेळ लागला. "आजी, जरा लवकर," ड्रायव्हर म्हणाला. मालसूनने तोंड उघडलं, तोच तिच्या पोटरीला काठीचं टोक लागलं.

"बाळा," जॉमरे ड्रायव्हरला म्हणाली, "हा पाय तुझ्या बसएवढाच जुना आहे. दोघांनाही सुरू व्हायला वेळ लागतो." मागे कोणीतरी हसलं. ड्रायव्हरही हसला, आणि ती नीट बसेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही.

तळ्याच्या सावलीतल्या काठाला बर्फाची पातळ चकती अजून चिकटून होती, मधलं पाणी मोकळं झालं होतं. विलोच्या फांद्यांवर मऊ राखाडी बोंडं आली होती. उन्हातल्या बांधावर दोन बाया रानभाजी खुडत होत्या. जॉमरे काठी टेकत, पाय ओढत चालली. पुलाशी पोचल्यावर ती दगडावर बसली, कारण पाय थरथरायला लागला होता. तिने अंडं सोललं, अर्धं खाल्लं.

"मला त्या बागा खरंच बघायच्या होत्या गं," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला आणि तिने उरलेलं अंडं घाईघाईने तोंडात कोंबलं.

मालसूनला दिवसभर बोलायला शब्द कमी पडले नव्हते. आता एकही सापडेना. तिने ताईच्या गळ्यातला मफलर उगाच पुन्हा एकदा गुंडाळला.

पुढच्या मंगळवारी मंडळी पुलाखाली जमली, तेव्हा जॉमरे काठी टेकत आली. मालसून तिच्या मागे होती, ओठ घट्ट मिटून, कारण घरून निघताना जॉमरेने तिच्याकडून तसं वचनच घेतलं होतं.

"अरे वा, जॉमरेबाई!" ग्वाक म्हणाले. "त्या दिवशी जरा गैरसमज झाला..."

"गैरसमज नाही. खोटं." जॉमरे शांतपणे म्हणाली. "मी हळू चालते. माझ्यासाठी थांबू नका. पडले तर मी पडेन, तुम्हाला खरचटणार नाही. पण कुठे जायचं ते मला सांगायचं. येईन की नाही ते मी ठरवेन. तुम्ही नाही."

"अहो, तुमच्या काळजीपोटीच..."

"काळजी होती तर हिवाळ्यात एकदा तरी घरी यायचं होतं."

ग्वाकांनी माफी मागितली नाही. शिट्टी वाजवली आणि बंधाऱ्यावरून तरातरा निघाले. बरीचशी मंडळी त्यांच्यामागे गेली. तो बायकोच्या आजारपणाचा गडीही गेला, मान खाली घालून. ह्वाजा मात्र मागे राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने पिशवीतून तांदळाच्या मिठाईचं पुडकं काढून पुढे केलं.

"ताई, चुकले मी."

मालसूनने तोंड फिरवलं. जॉमरेने पुडकं घेतलं, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "शिळी आहे. चल, पाय उचल."

त्या वसंतात बंधाऱ्यावर दोन मंगळवार चालायला लागले, एक शिट्टीचा आणि एक काठीचा. काठीच्या मागे हळूहळू पाच-सहा जण जमले. अझेलियाची फुलं आली तेव्हा ते देवळाच्या टेकडीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत गेले आणि तिथेच डबे उघडून बसले. उतरताना शिट्टीवाले वरून खाली येत होते. ग्वाकांनी टोपी काढून वाकून नमस्कार केला. जॉमरेनेही मान लववली.

मालसून ताठ उभी राहिली. ते वळणाआड जाईपर्यंत ती त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"एवढी वाकली असतीस तर कंबर मोडली असती का?" जॉमरेने विचारलं.

"हो," मालसून म्हणाली, आणि ताईच्या पुढ्यातला सुटा दगड लाथेने उडवून रस्ता मोकळा करत खाली उतरायला लागली.