खंडेनवमीचा पहारा

हर्षालीने मॉनिटरवरचा झेंडूचा हार उचलून बाजूला ठेवला. पूजेआधीच हार काढलेला मालक मोतीरामशेठना आवडला नाही, पण पडदा दिसल्याशिवाय दिनेशचा निकाल लागणार नव्हता.

सातपूरच्या त्या वर्कशॉपमधली कॉम्प्युटरवरची ड्रॉइंग्ज महिनाभर आपोआप बिघडत होती. लेथ यंत्र चालवणाऱ्या दिनेशने कॉम्प्युटरमध्ये मोटारींचा गेम टाकला होता, त्यातूनच व्हायरस आला म्हणून खापर त्याच्यावर फुटलं. लांबच्या पेठ तालुक्यातला माणूस, बाजू घ्यायला कोणी नाही. पूजा झाली की त्याला घरी पाठवायचं ठरलं होतं. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हर्षालीला हे अजिबात पटलं नाही. तिने इरेला पेटून एक प्रोग्राम लिहिला. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम काय उघडतो, कुठे लिहितो, यावर तो नजर ठेवायचा आणि वागणुकीवरून त्याला कामाचा किंवा उपद्रवी ठरवायचा. नाव तो बघतच नसे. पण रोजच्या गडबडीत माणसाचं काम कुठलं आणि प्रोग्रामचं कुठलं, ते वेगळं होईना. खंडेनवमीसाठी पुसून ठेवलेल्या यंत्रांना पूजेपर्यंत कोणी शिवत नाही. म्हणून काल तिने कॉम्प्युटर तेवढे चालू ठेवायला लावले होते.

"गेम झोपून आहे," ती म्हणाली. "हात लावल्याशिवाय तो हलत नाही. उपद्रवी एकच निघाला. कोणी नसताना ड्रॉइंग्ज उघडून त्यांवर लिहीत बसलाय."

"कोणता?" शेठनी विचारलं.

"आरतीचा."

कॉम्प्युटर सुरू होताच देवीची आरती लावणारी ती सीडी शेठनीच वणीहून आणली होती, आपल्या हाताने कॉम्प्युटरमध्ये टाकली होती.

दिनेश पुढे आला. "ऱ्हाऊ द्या ताई. देवीचं नाव कशाला? मी जातो गावाला."

"तू थांब. यात देवीचं काही नाही, तिच्या आडून कोणीतरी घुसलंय." हर्षाली शेठकडे वळली. "आरती काढते. त्यानंतरही एक ड्रॉइंग बिघडलं, तर दिनेशबरोबर मीही जाते."

शेठनी चष्मा लावून पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. भटजींनी हाक मारली, मुहूर्त टळत होता. मोठ्या लेथपुढचा नारळ दरवर्षी मालकच फोडत. शेठनी तो उचलला, शेंडी सारखी केली.

"काढ ती," ते हर्षालीला म्हणाले आणि नारळ त्यांनी दिनेशच्या हातात दिला. "फोड. लेथ तुलाच चालवायचंय."